पट्टी अजून लाल आहे

२० जानेवारी, मंगळवार

इज्जत गेली आज. दोन मिनिटांत!

शहजादीखाला औशाहून आल्या होत्या, मोठ्या मुलीच्या शादीचा पेनड्राइव्ह न्यायला. सोबत धाकटी मुलगी. मी नेहमीसारखंच केलं. आधी सगळं दाखवलं, पेनड्राइव्ह हातात दिला, मग खालांची खुर्ची कॉम्प्युटरसमोर ओढली आणि त्यांच्या डोळ्यांदेखत फोल्डर डिलीट केलं. कचऱ्याची टोपली पण रिकामी केली. "बघा खाला. आता तुमच्या घरातल्या बायकांचं माझ्याकडं काही नाही."

पाच वर्षं हेच करून राहिले. जुबेर मर्दाना बाजू शूट करतो, मी जनाना. बायकांचं शूटिंग बाईनंच करायचं, एडिटिंग बाईनंच करायचं, आणि माल दिला की समोर बसवून डिलीट. नवऱ्यानंसुद्धा बघायचं नाही – जुबेर त्या खोलीत दार वाजवून येतो. लातूर, औसा, निलंगा – लोक माझ्याकडं येतात ते ह्यासाठी. कॅमेरे काय, गल्लीगल्लीत झालेत.

तर खाला उठणार, तेवढ्यात ती धाकटी स्क्रीनवर बोट ठेवून म्हणते, "आपा, सब निकाल दिये बोले ना? फिर ये लाल कायकू है?"

डी ड्राइव्हची पट्टी. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल! द्यायची राहिलेली हीच एक शादी होती. बाकी सगळ्या दिल्या, सगळ्या डिलीट. मग डिस्क भरली कशानं? तोंडाला येईल ते बोलले – "सॉफ्टवेअरचं असतं ते."

खाला बघतच राहिल्या माझ्याकडं. "मेरी बच्ची का कुछ रह्या तो नै ना, बेटा?"

नाही म्हणाले. पण मला तरी कुठं माहीत हाय!

जाताना दारात सांगून गेल्या – धाकटीची शादी रमजानच्या आधी आहे, तुलाच देणार होते, शब-ए-बारात झाली की येते, तेव्हा बघू. "तेव्हा बघू" म्हणजे काय ते कळतं मला.

२१ जानेवारी, बुधवार

विशाखाला फोन लावला. औशाच्या शाळेत दहावीपर्यंत एका बाकावर होतो, आता ती नांदेडला कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. ऐकून हसली. "अगं, एवढंच ना? टेम्प फाइली असतील, काढून टाक."

तिनं सांगितलं तसं सगळं केलं. टेम्प काढल्या. डिस्क क्लीनअप केलं. डाउनलोड रिकामं केलं, त्यात नणंदेच्या पोरानं भरलेले कार्टून सापडले. बंद करून चालू केलं. मधेच लाइट गेली, इन्व्हर्टर बोंबलला, परत पहिल्यापासून.

पट्टी नखभर सरकली. नखभर! लाल ती लालच.

२३ जानेवारी, शुक्रवार

जुबेर जुम्म्याहून आला आणि शर्टाच्या बाह्या सरसावत म्हणाला, "उचल डब्बा, संगमेशभाऊकडं टाकून येतो. अर्ध्या तासाचं काम."

संगमेशभाऊ माणूस सोन्यासारखा. गंजगोलाईत दुकान आहे, आमचा प्रिंटर त्यांनीच दोनदा जिवंत केला. पण पुरुष माणूस! आत काय आहे ते मलाच माहीत नाही, आणि काही नसेल असं आता छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. समजा त्यांनी उघडलं आणि कुणाची सून मोकळ्या केसांनी हळदीत बसलेली पडद्यावर आली – मग? दुकानात गिऱ्हाइकं उभी असतात.

"तो कशाला बघतो," जुबेर म्हणाला.

"बघणार नाही. पण दिसेल ना!"

मग म्हणाला फॉरमॅट मार. तेही विशाखाला विचारलं. ती म्हणाली नुसत्या फॉरमॅटचा भरवसा नाही, त्यातूनही लोक परत काढतात. आठवलं – संगमेशभाऊंच्या दुकानावरच पाटी आहे, "डिलीट झालेले फोटो परत मिळतील". इतकी वर्षं त्या पाटीखालून येऊन-जाऊन राहिले आणि कधी मनात आलं नाही. मी बायकांना सांगत होते मिटलं, मिटलं. मिटत काहीच नसतं की काय?

मशीन दाखवायचं तर आतल्या बायका दिसतात. नाही दाखवायचं तर त्या आतच राहतात. आता सांगा, करायचं काय माणसानं!

२४ जानेवारी, शनिवार

नळाला पाणी आलं. दिवस भरण्यात गेला. पट्टी लाल.

२६ जानेवारी, सोमवार

औशाहून फोन. मार्चनंतरची एक शादी बोललेली होती, त्या मुलीची आई म्हणाली, "हम सोच के बताते." चार दिवसांपूर्वी ह्याच बाई सांगत होत्या, तारीख लिहून ठेव म्हणून. खाला बोलल्या असणार. त्यांचं तरी काय चुकलं? मी त्यांच्या जागी असते तर मशिदीच्या भोंग्यावरून सांगितलं असतं.

ह्यात जुबेरचं आपलं भलतंच. बाजारातून आला तो हातात नवी हार्डडिस्क! "जागा पायजे ना तुला? घे जागा. कायकू रडती?"

मी ओरडलेच. "जागा नको मला! ती आधी कशानं गेली ते सांगा!"

बिचारा चहा घेऊन बाहेर गेला. त्याच्यावर काढायला नको होतं. पण कुणावर काढू? डब्याला तर कान नाहीत.

२७ जानेवारी, मंगळवार

आज ते रिस्टोअर पॉइंट पण बंद केले. विशाखा म्हणाली होती की कॉम्प्युटर स्वतःच्या मनानं जुनं जपून ठेवतो, त्यातून पुष्कळ सुटेल. सुटलं थोडं. पट्टीचं टोक सुटलं, बाकी तशीच. तिच्याकडं बघून बघून डोळे मिटले तरी लाल दिसतंय.

२८ जानेवारी, बुधवार

सापडलं.

सापडलं नसतं तर बरं झालं असतं.

विशाखानं एक लहानसं फुकटचं सॉफ्टवेअर पाठवलं. ते डिस्कचा नकाशा काढून दाखवतं – कोण किती जागा अडवून बसलंय ते रंगीत चौकोनांत. चालवलं आणि अर्धा पडदा एकाच निळ्या चौकोनानं भरून गेला. त्यावर क्लिक केलं तर आत फोल्डर, त्याच्या आत फोल्डर, आणि तिसऱ्या आत – माझीच नावं!

औसा-मे. निलंगा-दोन. लातूर-ईदनंतर. मुलींची नावं मी कधी फोल्डरला देत नाही, गाव आणि महिना, नाहीतर एखादी खूण, एवढंच टाकते. म्हणून तर अक्षर न् अक्षर ओळखलं. पाच वर्षांतल्या सगळ्या शाद्या. एकूण एक.

विशाखानं समजावलं. आपण एडिटिंग करताना व्हिडिओ अडकू नये म्हणून ते सॉफ्टवेअर बाजूला त्याची नक्कल तयार करून ठेवतं. आपण आपलं फोल्डर डिलीट करतो, नक्कल तिथंच पडून राहते. कुणी सांगितल्याशिवाय ते ती काढत नाही. "नवीन काहीच नाही यात, सगळ्यांचं होतं," म्हणाली. "सगळं सिलेक्ट कर, शिफ्ट डिलीट मार, आणि रिकामी झालेली जागा पुसायची एक कमांड देते, ती चालव. मग कुणाच्या बापाला काढता येणार नाही. झालं! रडून कशाला राहिलीस?"

मी रडत होते ते मला तिच्या बोलण्यावरून कळलं.

किती बायकांना खुर्चीत बसवून सांगितलं मी. बघा, झालं. किती जणींनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. आणि त्या सगळ्या इथंच होत्या, माझ्या गुडघ्याजवळच्या डब्यात. बरं, मी चोर असते तर निदान मला माहीत तरी असतं!

सिलेक्ट ऑल केलं. निळं झालं सगळं. आणि बोट थांबलं.

निलंगा-दोनमध्ये अम्मी आहे.

३० जानेवारी, शुक्रवार

काल लिहिलं नाही. पुसलंही नाही.

अम्मी ढोलकचे गीत गायची. जनान्यात बसून, सांचकच्या दिवशी, शादीच्या आदल्या रात्री. समधनीला, म्हणजे विहिणीला, चिडवायची गाणी अशी, की समधन चिडायच्या ऐवजी पोट धरून हसायची. औशाच्या आसपास अम्मीशिवाय बायकांचा मांडव सुरू होत नसे. गळा कुणी शिकवला नव्हता. घरात भाकरी करताना पण गुणगुणायची.

दीड वर्ष झालं जाऊन. तिचा आवाज माझ्याकडं नाही. कुठंच नाही! फोनमध्ये भरून घेते म्हटलं की फोन उलटा ठेवायची. "औरत की आवाज घर में च अच्छी. और मैं हूं ना जिंदा, भर के क्या करती?" शादीत कॅमेऱ्यासमोर गायची ते का, तर, "तू मिटा देती ना. फिर चलता."

म्हणजे मी शब्द दिलेल्या बायकांत तीही आहे.

शेवटचे चार महिने तिचा गळा गेलाच होता. आता आठवायला बसले की तो खोकलाच आठवतो. त्याच्या मागचं काही ऐकू येत नाही. मुलगी आहे मी तिची, आणि मला ऐकू येत नाही!

तीन फोल्डरांत असणार ती. निलंगा-दोन, औसा-मे, औसा-डिसेंबर. नावं बघते, माऊस नेते, परत आणते.

न उघडता पुसलं तर ती मशीनची चूक. उघडून बघितलं की माझी झाली. एवढं सरळ आहे. दहावीतल्या पोरालाही कळेल.

३१ जानेवारी, शनिवार

जुबेरला सांगितलं सगळं. वाटलं तो म्हणेल पुस, म्हणजे पुसेन. किंवा म्हणेल बघ, म्हणजे त्याच्या नावावर बघेन. त्यानं दाढी खाजवली. मग म्हणाला, "तेरी अम्मी. तेरा काम. मैं क्या बोलूं?"

वा! एरवी मीठ किती टाकायचं तेही सांगतो.

१ फेब्रुवारी, रविवार

आज डोकं चाललं – विचारूनच घ्यावं. ज्यांची शादी त्यांनी हो म्हटलं तर चोरी कसली? निलंग्याच्या त्या मुलीच्या आईला फोन लावला. नाव लिहीत नाही त्यांचं.

लई खूश झाल्या. मुलीला मुलगा झाला म्हणे. मग आपणहूनच माझी तारीफ सुरू केली. "बेटा, तू वो दिन मेरे सामने मिटाई ना, मैं उस दिन चैन से सोई. दामाद बहोत शक्की है. बहनां के साथ नाची सो उसका व्हिडिओ कां है, कां है करके साल भर पूछ्या. मैं कसम खाके बोली, अब दुनिया में नै है."

कसम खाऊन.

मी म्हणाले, "मुबारक हो खाला, बाळाला दुआ." आणि फोन ठेवला. काय विचारणार होते मी त्या बाईला? तुमची कसम खोटी आहे, पण माझी अम्मी बघू का थोडी?

आता कुणालाही विचारता येत नाही. सांगितलं की उद्यापासून लातूर जिल्ह्यात माझ्यासमोर कुणी ओढणी काढणार नाही. न सांगता बघितलं की मीही चोरून बघणाऱ्यांतलीच. आणि पुसलं की अम्मी दुसऱ्यांदा गेली. सगळ्या बाजूंनी भिंतच लागते!

२ फेब्रुवारी, सोमवार

विशाखाचा मेसेज: "पुसलंस का?" दोन निळ्या टिका तिला दिसल्या असतील. उत्तर दिलं नाही.

शहजादीखालांचा निरोप पण आला. परवा येते.

३ फेब्रुवारी, मंगळवार

शब-ए-बारात. सकाळपासून हलवा. चणाडाळीचा, रव्याचा. शेजारपाजारी ताटं गेली, आली. अम्मीच्या नावाची फातिहा झाली.

असरची नमाज झाल्यावर जुबेर औशाला निघाला, अम्मीच्या कबरीवर. फुलं आणि अगरबत्ती पिशवीत मीच घालून दिली. आमच्यात बायका कब्रस्तानात जात नाहीत. गाडीला किक मारताना म्हणाला, "कुछ बोलना है क्या अम्मी कू?" मस्करी नव्हती, तो असं खरंच विचारतो. मी पिशवीची गाठ परत बांधून दिली.

घरात कुणी नाही. सासू मोहियोद्दीनभाईंकडं, थोरल्या दिरांकडं गेल्यात. सगळे आपापल्या माणसांना भेटायला गेलेत आज. मी कुठं जाऊ?

चूक आहे. माहीत आहे मला. उद्या खाला यायच्या आधी सगळं पुसणार, कसम. फक्त निलंगा-दोन. फक्त अम्मीचा तुकडा, बाकी कुणाकडं बघणार नाही. एकदाच ऐकते आणि पुसते. एकदाच!

स्पीकरची वायर लावली. दाराला कडी घातली. उघडते.

४ फेब्रुवारी, बुधवार

अम्मीच आहे. हिरवी ओढणी, मांडीवर ढोलक, बाजूच्या बायका हसून हसून एकमेकींच्या अंगावर. तिचं तोंड हलतंय, हात पडतोय. आवाज नाही.

वायर काढून लावली. दुसरा स्पीकर लावला. औसा-मे उघडलं, औसा-डिसेंबर उघडलं. मग बाकीचीही उघडली, सगळ्यांचीच, कसम-बिसम काही राहिलं नाही. आवाज कुठंच नाही. विशाखा म्हणाली, "अगं, त्या नकलेत नुसतं चित्र असतं. आवाज ते कधी ठेवतच नाही." आणि मूळ फाइली? "त्या जागेवर तू नंतर किती शाद्या चढवल्यास, जिक्रा. आता नाही निघायच्या त्या."

ओठांवरून बोल कळले. समधनीचंच गाणं होतं. चाल आठवेना.

सकाळी सगळं पुसलं, विशाखाची कमांडही चालवली. खाला आल्या, खुर्चीत बसल्या, पट्टी बघितली. धाकटीची शादी मला दिली, डोक्यावरून हात फिरवला, आणि जाताना म्हणाल्या, "तेरी अम्मी रहती तो गीत भी हो जाते."

संध्याकाळी जुबेर खोलीत आला, दार वाजवून. पडद्याकडं बघून खूश झाला. "अगे, इत्ती जगा खाली हुई क्या?"